टमाट्यानं शुगर जात नाही, अन् रेशनात टमाटा येत नाही

गेल्या पंधरा दिवसांत एकच मेसेज मला अकरा ग्रुपवरून आला. भजनी मंडळाच्या ग्रुपवर आला, पत्रकारांच्या ग्रुपवर आला, अन् ज्या ग्रुपवर फक्त तुरीचे भाव टाकायचे असा कडक नियम आहे तिथंही आला. सकाळी उपाशीपोटी दोन लाल टोमॅटो, वरून चिमूटभर काळं मीठ, एकवीस दिवस. शुगर नॉर्मल, गोळी कायमची बंद, डॉक्टर हे तुम्हाला सांगणार नाहीत. खाली हात जोडलेले अन् दहा जणांना पाठवायची विनंती.

एरवी मी असल्या मेसेजवर शब्द खर्च करत नाही. पण आता हे मेसेजपुरतं राहिलेलं नाही. अमरावती-अकोला पट्ट्यात तालुक्याच्या गावी मंगल कार्यालय भाड्यानं घेऊन 'मधुमेह मुक्ती' शिबिरं लागतात. प्रवेश मोफत, सुई टोचून शुगर मोफत, अन् बाहेर पडताना हातात दीड-दोन हजारांचा पुडा. त्यात वाळवलेल्या कशाकशाची पावडर. आधी कारलं-जांभूळ होतं, मग मेथी झाली, आता टमाटा आलाय. फ्लेक्सवर फोटो कोणाकोणाचे असतात ते तुम्ही पाहिलंच असेल. वाढदिवसाला जे असतात तेच.

म्हणून हे लिहितो. लांब आहे, पण घरात शुगरचा माणूस असेल तर वाचा.

पहिल्यांदा टमाट्याची बाजू, कारण त्या बिचाऱ्याचा काही दोष नाही. आपल्याकडं जुनी माणसं त्याला भेदरं म्हणतात. भेदराची चटणी अन् ज्वारीची भाकर खाऊन आपल्या दोन पिढ्या वावरात राबल्या. शंभर ग्रॅम पिकलेल्या टमाट्यात जवळपास ९५ टक्के पाणी असतं. कर्बोदकं चार ग्रॅमच्या आसपास, उष्मांक १८ कॅलरी, थोडे तंतू, थोडं क जीवनसत्त्व, पोटॅशियम, अन् तो लाल रंग देणारं लायकोपिन. एका मध्यम पोळीत पंधरा-वीस ग्रॅम कर्बोदकं असतात, त्या हिशेबानं टमाट्याचे चार ग्रॅम म्हणजे काहीच नाही. शुगरवाल्यानं टमाटा खावा का? बिनधास्त खावा. कच्चा खावा, कोशिंबिरीत खावा, वरणात घालावा. लायकोपिन तर थोड्या तेलात शिजवल्यावर शरीराला जास्त मिळतं, म्हणजे तुमच्या आजीची भेदराची चटणी त्या उपाशीपोटीच्या कच्च्या टमाट्यापेक्षा बरी. फक्त तिच्यात गुळाचा खडा टाकू नका अन् तेलाची धार हात आखडून धरा.

'टमाट्यानं पथरी होते' म्हणून काही घरांत तो बंदच करून टाकतात. ज्या ऑक्झलेटमुळं खडे होतात ते टमाट्यात पालकापेक्षा कितीतरी कमी असतं. हे जाता जाता.

सॉसचं मात्र वेगळं. बाटलीतला टोमॅटो सॉस म्हणजे टमाटा नव्हे. शंभर ग्रॅम सॉसमध्ये वीस ग्रॅमच्या वर साखर सहज असते. सूपच्या पाकिटामागचं बारीक अक्षर वाचा, तिथंही साखर अन् मक्याचं पीठ वर बसलेलं दिसेल. अन् कचोरीसोबत गाड्यावर जो लालभडक सॉस मिळतो त्यात टमाटा किती, ते देवालाच ठाऊक.

आता मुद्दा हा, की साध्या भाजीचं औषध झालं कसं? माझा एक अंदाज आहे, अन् तो आपल्या विदर्भातूनच सुरू होतो.

काटोलचे डॉ. श्रीकांत जिचकार आठवतात ना? १९८० साली सव्विसाव्या वर्षी आमदार झालेले, डझनभर पदव्या घेतलेले, २००४ च्या जूनमध्ये रस्ता अपघातात गेलेले. ते व्याख्यानांतून सांगायचे की माणूस दिवसभर चरतो, दर खाण्याला शरीरात इन्सुलिन सुटतं, म्हणून दोनदाच जेवा. तोच धागा पकडून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दोन जेवणं, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांच्या आत, अन् रोज पंचेचाळीस मिनिटं चालणं अशी पद्धत महाराष्ट्रभर नेली. राज्य सरकारनं त्यांना लठ्ठपणाविरोधी मोहिमेचे सदिच्छादूतही केलं होतं. मराठी घरात 'आमचं दीक्षित सुरू आहे' हे वाक्य आता 'आमचा चतुर्थीचा उपास आहे' इतकं रुळलंय. ती पद्धत सगळ्यांना मान्य आहे असं नाही. आहारतज्ज्ञांमध्ये तिच्यावर कडाक्याचं भांडण झालं, टीव्हीवर झालं, पेपरात झालं. तो वाद आज माझा विषय नाही. पण त्या पद्धतीत एक यादी आहे: दोन जेवणांच्या मधे राहावलंच नाही तर काय चालेल. पाणी, पातळ ताक, बिनसाखरेचा कोरा चहा, अन् फार तर एखादा टमाटा.

हा टमाटा त्या यादीत का बसला ते नीट समजून घ्या. तो शुगर उतरवतो म्हणून नाही. तो खाल्ल्यानं शरीरात फारसं काही घडत नाही, इन्सुलिनला हात लागत नाही, म्हणून. तोंड हलवायला काहीतरी पाहिजे, तर हे निरुपद्रवी. 'यानं काही बिघडत नाही' या वाक्याचं फिरत फिरत 'यानं आजार जातो' कधी झालं ते कोणाला कळलं नाही. अन् मूळ सांगणाऱ्यानं सोबत जे सांगितलं होतं, की सुरू करायच्या आधी एचबीए१सी अन् उपाशीपोटीचं इन्सुलिन तपासा, ते फॉरवर्ड करताना गळून पडलं. तपासणीला पैसे लागतात. टमाटा घरात असतो.

'पण आमच्या काकाजींची शुगर खरंच उतरली' असं कमेंटमध्ये कोणीतरी लिहिणार, हे मला आत्ताच दिसतंय. उतरली असेल. काकाजींनी सकाळचे तर्री पोहे सोडले, चहातली साखर सोडली, टमाटा खायचा म्हणून नाश्ताच केला नाही, अन् नवा नाद म्हणून एकवीस दिवस फिरायलाही गेले. शुगर उतरली ती पोहे गेले म्हणून. श्रेय मात्र टमाट्यानं नेलं. काकाजी पोह्यांसोबत दोन टमाटे खातील त्या महिन्यात परत तपासा म्हणावं. अन् सकाळी बोटाला एक सुई टोचून आलेला आकडा म्हणजे शुगरचा निकाल नाही. एचबीए१सी मागच्या तीनेक महिन्यांचा हिशेब सांगते. शिबिरवाले ती तपासणी करत नाहीत, त्याचं कारण तुम्हीच ओळखा.

माझ्या ओळखीचे जिल्हा परिषदेचे एक निवृत्त गुरुजी आहेत, दर्यापूरकडचे. बारा वर्षं गोळी नियमित. शिबिरातून पुडा आणला अन् दीड महिना गोळी बंद ठेवली. पहिल्या आठवड्यात छान वाटत होतं, म्हणाले. शुगर वाढली की लगेच काही दुखत नाही, हाच तर या आजाराचा दगा आहे. अंगठ्याजवळ चपलेचा पट्टा घासला, फोड आला, फुटला. पायाची संवेदना आधीच मंदावलेली, त्यामुळं कळलंच नाही. सुनेला मोज्यावर डाग दिसला तेव्हा उशीर झाला होता. अंगठा काढावा लागला. गुरुजी मला म्हणाले, 'मी पोरांना तीस वर्षं विज्ञान शिकवलं रे बाबू.' यापुढं मी काही विचारू शकलो नाही.

डॉक्टरांशी बोलून आणखी दोन गोष्टी लिहून ठेवतो, कारण त्या कोणत्याच मेसेजमध्ये नसतात.

ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू आहे अन् तुम्ही जेवण टाळलं, तर शुगर एकदम खाली येऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढं अंधारी, माणूस बरळायला लागतो. आपल्याकडं मे महिन्यात अकोल्याचा पारा पंचेचाळीसच्या पुढं जातो. त्या उन्हात पराटीच्या वावरात फक्त टमाटा खाऊन गेलेली बाई अशी कोसळली तर सगळे म्हणतात, ऊन लागलं. अशा वेळी पंधरा ग्रॅम साखर लगेच पोटात जायला हवी, म्हणजे तीन चमचे. टमाट्यातून तेवढी कर्बोदकं मिळवायची तर जवळपास पाऊण-एक पाव कमी पडेल इतके खावे लागतील, अन् तेही चटकन लागू पडणार नाहीत. तेव्हा साखरेचं पाणी द्या, माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही न ओतता दवाखाना गाठा.

दुसरी गोष्ट खारपाणपट्ट्याची. दर्यापूर, भातकुली, अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर, पूर्णेच्या खोऱ्यातल्या या सगळ्या भागात जमिनीखालचं पाणी खारट. किडनीच्या आजाराची ओरड तिथं वर्षानुवर्षांची आहे, आमच्या पेपरांनी त्यावर पानंच्या पानं छापलीत. मधुमेहानंही किडनी जाते. अन् किडनी बिघडलेल्या माणसाला डॉक्टर बऱ्याचदा पोटॅशियम सांभाळायला सांगतात, म्हणजे टमाट्यावरही बंधन येऊ शकतं. अशा माणसाला तुम्ही 'रोज दोन, नाहीतर टमाट्याचा रस' पाठवताय. हात जोडून.

इथवर वाचून काही जण म्हणतील, बरोबर आहे भाऊ, लोक अडाणी आहेत. थांबा. मला तेही पटत नाही. दवाखान्यात, सरकारी पोस्टरवर, आरोग्य दिनाच्या भाषणात शुगरवाल्याला काय सांगतात? भात कमी करा, पोळी कमी करा, भाजी-कोशिंबीर वाढवा, डाळ खा. अगदी बरोबर सल्ला आहे. आता हाच सल्ला घेऊन रेशनच्या दुकानापुढच्या रांगेत उभे राहा.

अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, अंत्योदय कार्डाला ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे, अन् २०२४ पासून आणखी पाच वर्षं फुकट राहणार आहे. मी फुकट धान्याच्या विरोधात नाही, कोणी तसा अर्थ काढू नका. भुकेपोटी माणूस मरू नये म्हणून ते आहे अन् ते राहिलंच पाहिजे. पण थैलीत काय आहे? गहू अन् तांदूळ. क्वचित कधी ज्वारी.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे २०२४ मध्ये आहाराच्या नव्या मार्गदर्शक सूचना काढल्या. दिवसभराचं ताट त्यांनी मांडून दिलंय: तृणधान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं किंवा त्याऐवजी अंडी-मांस मिळून ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर. पाच जणांच्या घराला रेशनमधून २५ किलो मिळतं, म्हणजे माणशी दिवसाला १६५ ग्रॅमच्या आसपास. ताटातल्या धान्याचा दोन तृतीयांश भाग सरकारनं भरला. डाळीचा किती भरला? शून्य. भाजीचा? शून्य.

आता हिशेब करा. पाच माणसांना ४०० ग्रॅमप्रमाणं रोजची दोन किलो भाजी. भाजी सरासरी चाळीस रुपये किलो धरली तर दिवसाचे ८० अन् महिन्याचे २४०० रुपये. फक्त भाजीचे. रोजगार हमीची मजुरी राज्यात २०२५-२६ साठी दिवसाला ३१२ रुपये होती, तीही काम निघालं तर. निंदणाला जाणाऱ्या बाईच्या हाती त्याहून कमीच येतात. ती बाई भाजीचा रस्सा पातळ करते अन् भात वाढवते. भात पोट भरतो. तिला शुगर निघाली की आपण तिला सांगतो, मावशी, तुम्ही भात फार खाता.

२०२३ मधली एक गोष्ट मुद्दाम आठवण करून देतो. शेतकरी आत्महत्यांचे म्हणून राज्यानं जे १४ जिल्हे काढलेत, त्यांत आपले अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम सगळे आले. तिथल्या केशरी कार्डाच्या शेतकरी कुटुंबांना आधी स्वस्त धान्य मिळायचं. २०२३ मध्ये ते बंद करून त्याऐवजी खात्यात दरमहा माणशी १५० रुपये द्यायचं ठरलं, पुढं त्याचे १७० झाले. अन् त्याच २०२३ च्या जुलैमध्ये देशातल्या अनेक शहरांत टमाटा दीडशे रुपये किलोच्या वर गेला होता. आठवतं ना, मोठ्या बर्गर कंपनीनंही उत्तरेकडच्या दुकानांतून टमाटा काढून टाकला होता. म्हणजे एका माणसाच्या महिनाभराच्या धान्याची किंमत सरकारच्या लेखी एक किलो टमाटा. केंद्रानं तेव्हा दिल्लीसारख्या शहरांत गाड्या लावून ९० रुपयांनी, मग ८० अन् ७० रुपयांनी टमाटा विकला. दीड-दोन महिन्यांत भाव असा पडला, की शेतकऱ्याला तोडणीची मजुरीही सुटेना. नारायणगाव अन् पिंपळगाव बसवंतचे बाजार चढले की आपल्याला टमाटा परवडत नाही, पडले की पिकवणारा मरतो. खारपाणपट्ट्यातल्या विहिरीवर तर भाजीपाला धड पिकतच नाही, सगळा बाजारावर हवाला.

सणासुदीला 'आनंदाचा शिधा' आला तेव्हा किती कौतुक झालं. २०२२ च्या दिवाळीत शंभर रुपयांत काय होतं पिशवीत? रवा, साखर, पामतेल अन् चणाडाळ. सण आहे, गोड झालं पाहिजे, मान्य. पण ज्या घरात दोन शुगरवाले आहेत तिथं त्या चारातली एक चणाडाळ सोडली तर कामाचं काय होतं?

अन् डाळ म्हणाल तर आपण कुठं राहतो ते बघा. अकोला डाळ मिलांसाठी देशभर ओळखलं जातं. तूर ही आपल्या पराटीच्या, सोयाबीनच्या ओळींमधे उभी असते. ज्या जिल्ह्यातून डाळीचे ट्रक भरून बाहेर जातात, त्याच जिल्ह्यातल्या रेशनच्या दुकानात डाळ नाही. अन् 'हे जमण्यासारखं नाही' असं कोणी सांगू नये. २०१६-१७ च्या हंगामात तूर बेसुमार झाली, सरकारला खरेदी करावी लागली, तेव्हा पुढं हीच तूरडाळ राज्यानं रेशनच्या दुकानातून विकली होती. म्हणजे गोदाम रिकामं करायचं असतं तेव्हा जमतं.

ज्वारीबद्दलही बोलतो, कारण ज्वारीप्रेमी मित्र माझ्यावर तुटून पडतील. वऱ्हाड ज्वारीचं होतं, आता सोयाबीनचं झालंय. रानडुकरं, रोही, पाखरं, मजूर नाही, भाव नाही. शेतकऱ्यानं ती सोडली, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. अकोल्यात पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ १९६९ पासून आहे, ज्वारीचे वाण त्यांनी दिलेत, पण वाणानं डुक्कर थांबत नाही. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, मोठमोठ्या मेजवान्यांत ज्वारीचे पदार्थ वाढले गेले. ज्वारी रेशनात नियमित यावी ही माझीही मागणी आहे. पण ज्वारी आली की मधुमेह गेला, असंही नाही. आयसीएमआरच्या देशव्यापी मधुमेह अभ्यासातून २०२५ मध्ये जे पुढं आलं ते ऐकायला कडू आहे: भारतीय माणसाची साठ टक्क्यांहून अधिक ऊर्जा कर्बोदकांतून येते, अन् नुसता तांदूळ काढून त्या जागी गहू किंवा भरडधान्य ठेवलं, पण एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवली, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसत नाही. त्यातला थोडा भाग डाळीच्या, दुधाच्या प्रथिनांनी बदलला तर धोका कमी दिसतो. म्हणजे परत डाळीवरच आलो.

हा आजार शहरातल्या लठ्ठ शेठजींचा आहे, असं अजूनही गावात समजतात. याच अभ्यासाचे २०११ मधले महाराष्ट्राचे आकडे आहेत: राज्यात ८.४ टक्के प्रौढांना मधुमेह, ग्रामीण भागातही साडेसहा टक्के. २०२३ मध्ये देशाचा आकडा आला, दहा कोटी दहा लाख लोकांना मधुमेह, अन् आणखी साडेतेरा कोटींहून जास्त लोक उंबरठ्यावर. गावात 'जुनी माणसं कुठं गोळ्या खात होती' असं म्हणणाऱ्यांनी हेही सांगावं, की जुनी माणसं तपासत तरी होती का? 'म्हातारा एकदम खंगला अन् गेला' अशा किती गोष्टी आपल्या घराण्यात आहेत, आठवून पाहा.

आता त्या पुडेवाल्यांकडं वळतो. १९५४ पासून या देशात औषधी द्रव्ये व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा आहे. कोणत्या आजारांवर 'बरा करतो' म्हणून जाहिरात करायची नाही, त्यांची यादी या कायद्याच्या परिशिष्टात आहे अन् त्यात मधुमेहाचं नाव आहे. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. 'आमचं औषध नाही, आहारपूरक आहे' असं म्हणून सुटायचं ठरवलं तर अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ आहे. त्याच्या कलम ५३ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाखांपर्यंत दंड आहे. २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात पतंजलीच्या जाहिरातींचं प्रकरण गाजलं, बाबा रामदेवांना जाहीर माफी छापावी लागली. तेवढ्या मोठ्या माणसाला कायदा लागू होतो, मग बस स्टँडसमोरच्या फ्लेक्सला का नाही? फ्लेक्स तहसीलदारांच्या गाडीला दिसतो, पोलिसांच्या गाडीला दिसतो. अन् हो, आमच्या धंद्यातल्या लोकांनाही दिसतो. पान एकवर 'बोगस डॉक्टरांचा सुळसुळाट' अन् पान पाचवर त्याच शिबिराची रंगीत जाहिरात, हे वाचकांना दिसत नाही असं समजणाऱ्या संपादकांना माझा नमस्कार.

मेसेज पुढं ढकलणाऱ्या सामान्य माणसावर माझा राग नाही. तो कोणाचं तरी भलं करायला निघालेला असतो, अन् ज्याला चांगला डॉक्टर, तपासणी, डाळ-भाजी यातलं काहीच हाताशी नाही त्याला दोन टमाट्यांची आशा वाटणारच. गोळ्या मात्र हाताशी आहेत, हे अनेकांना माहीतच नसतं. प्राथमिक आरोग्य केंद्रात तिशीच्या पुढच्या माणसाची शुगर-बीपी तपासायची असा कार्यक्रम आहे, मेटफॉर्मिनसारख्या गोळ्या तिथं फुकट मिळायला हव्यात, अन् १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार नि:शुल्क आहेत. गोळ्या संपल्या म्हणून कोणी परत पाठवलं, तर तारीख, वेळ अन् केंद्राचं नाव लिहून मला इनबॉक्सला टाका. तुमचं नाव बाहेर येणार नाही.

माझ्याकडून दोन कामं झाली आहेत. अमरावती अन् अकोला, दोन्ही जिल्ह्यांच्या अन्न व औषध प्रशासनाकडं माहिती अधिकारात अर्ज टाकलाय: मागच्या तीन वर्षांत मधुमेह बरा करण्याचा दावा करणाऱ्या किती जाहिरातींवर कारवाई झाली, किती शिबिरं तपासली, किती पुड्यांचे नमुने प्रयोगशाळेत गेले. दुसरा अर्ज पुरवठा विभागाकडं: तूरडाळ रेशनवर देण्याचा प्रस्ताव आपल्या विभागातून शेवटचा कधी गेला अन् त्याचं काय झालं. तीस दिवसांची मुदत आहे. जे उत्तर येईल ते जसंच्या तसं इथं टाकतो, अन् नाही आलं तर तेही टाकतो.

तोवर ज्यांनी पुडा घेतलाय त्यांनी तो फेकू नका. पावतीसकट जपून ठेवा, तक्रारीसोबत जोडायला लागेल. पावती दिलीच नसेल तर पुड्याच्या दोन्ही बाजूंचा फोटो काढा. अन् गोळी आज रात्रीपासून परत सुरू करायची की कशी, हे मला नका विचारू, उद्या सकाळी डॉक्टरकडं जा.